आधी सोडावा, मग घ्यावा

उन्हाळ्याची सुटी लागली की पुण्यातील जलतरण तलावांवर गर्दी होते. डेक्कन जिमखान्यावरील टिळक तलाव असो वा उपनगरातील एखाद्या सोसायटीचा लहानसा तलाव, सकाळच्या तुकड्या भरलेल्या असतात. अलीकडे या गर्दीत मुलांबरोबर त्यांचे वडील आणि आजोबाही दिसू लागले आहेत. मार्केट यार्डातील किंवा रविवार पेठेतील पेढीवर दिवसभर बैठक मारणाऱ्या व्यापाऱ्याला डॉक्टर जेव्हा गुडघ्यांवर भार न येणारा व्यायाम सुचवतात, तेव्हा पोहण्याचे नाव हमखास निघते.

महिनाभरात हात मारणे येते, पाय मारणेही येते. तरीही फ्रीस्टाइल पोहताना तलावाची अर्धी लांबी होण्याआधीच बहुतेकांना थांबावे लागते. हात थकलेले नसतात, पाय दुखत नसतात. दम मात्र पुरता संपलेला असतो. ‘आता वय झाले’ असा निष्कर्ष काढून पुष्कळजण तेथेच पोहणे सोडतात. वस्तुतः दोष वयाचा नसतो, श्वासाच्या हिशेबाचा असतो.

पूर्वी गावोगावी विहिरीत पोहणे शिकवले जाई. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मुलाला पाण्यात सोडत. त्या पोहण्यात मान पाण्याबाहेर असे, त्यामुळे श्वासाचा वेगळा विचार करावा लागत नसे. फ्रीस्टाइलमध्ये चेहरा पाण्यात असतो आणि श्वासासाठी मिळणारा अवधी जेमतेम अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो. नवशिका पोहणारा चेहरा पाण्यात घालताच श्वास कोंडून धरतो. मान वळवल्यावर त्या अर्ध्या सेकंदात त्याला जुनी हवा बाहेरही टाकायची असते आणि नवी आतही घ्यायची असते. दोन्ही कामे अपुरी राहतात. चार-पाच वेळा असे झाले की छाती भरलेली असूनही जीव गुदमरतो.

हा गुदमरण्याचा भास समजून घेण्यासारखा आहे. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि उच्छ्वासाच्या हवेतही तो सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. म्हणजे त्या क्षणी प्राणवायू संपलेला नसतो. श्वास घेण्याची निकड मेंदूला भासते ती मुख्यतः रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो बाहेर टाकला नाही तर कितीही हवा आत ओढली तरी समाधान होत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर येथे आवक कमी पडत नाही, जावक तुंबलेली असते.

म्हणून पहिला धडा श्वास सोडण्याचा. तलावाच्या कडेला धरून उभे राहावे, चेहरा पाण्यात घालावा आणि नाकातोंडातून सावकाश, अखंड बुडबुडे सोडावेत. चेहरा बाहेर काढण्याच्या बेतात उरलेली हवा जोराने सोडून द्यावी. तोंड बाहेर येताच हवा आपोआप आत शिरते. ती ओढावी लागत नाही. ही क्रिया सलग वीस-पंचवीस वेळा न घाबरता जमली की मगच हात मारण्याकडे वळावे.

दुसरा धडा मानेचा. श्वासासाठी डोके उचलले की पाय खाली जातात आणि पोहणारा पाण्यात तिरका होतो. डोके उचलायचे नसते. खांदा आणि धड कुशीवर वळेल त्याबरोबर तेही वळवायचे असते. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे त्याच्या बाजूला पाण्यात लहानशी खोलगट जागा तयार होते. एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर, इतके वळले तरी त्या खोलगट जागेत तोंडाला हवा मिळते.

तिसरा धडा मोजणीचा. दर दोन हातांमागे श्वास घेतला तर हवा भरपूर मिळते; लांब अंतराचे बहुतेक स्पर्धक असेच पोहतात. दर तीन हातांमागे घेतल्यास एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून श्वास होतो आणि शरीर एका अंगाला झुकत नाही. सरावासाठी ही पद्धत उत्तम. पण दम लागला असता तिचा आग्रह धरू नये. पन्नास मीटरच्या शर्यतीत मात्र अव्वल स्पर्धक एखादाच श्वास घेतात किंवा घेतही नाहीत, कारण मान वळवण्याने वेग किंचित का होईना, कमी होतो.

श्वास मोजणे जैन घरांना नवे नाही. प्रतिक्रमणातील कायोत्सर्गाचे माप पूर्वाचार्यांनी श्वासोच्छ्वासांतच दिले आहे: रात्रिक ५०, दैवसिक १००, पाक्षिक ३००, चातुर्मासिक ५०० आणि सांवत्सरिक १००८. लोगस्सचे एक पद म्हणजे एक श्वासोच्छ्वास, असा हिशेब. त्या मोजणीत श्वास कोंडून धरण्याची चढाओढ नाही. तो सहज येतो, सहज जातो आणि साधक सावध असतो. तलावातही नेमकी हीच वृत्ती उपयोगी पडते.

या शिस्तीच्या बळावर माणूस कोठवर जाऊ शकतो, याची उदाहरणे जवळचीच आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे ते पुण्यात स्थायिक झाले; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पायांची साथ नसलेल्या पोहणाऱ्याला तोल राखण्यासाठी हात, धड आणि डोके यांवरच विसंबावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पदकाचे मोल कळते. त्याच २०१८ मध्ये पुण्याच्या रोहन मोरे यांनी इंग्लिश खाडीसह जगातील सात अवघड सागरी मार्ग पोहून पूर्ण केले. असे करणारे ते पहिले आशियाई ठरले. समुद्रात लाटा एका बाजूने येत असतील तर दुसऱ्या बाजूने श्वास घेता यावा लागतो. तेथे दोन्ही बाजूंचा सराव ही निकडीची गोष्ट होते.

आता एक गंभीर सूचना. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज मुले हौसेने लावतात. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले की जास्त वेळ टिकता येते, असाही समज असतो. त्या भराभर श्वासांनी प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. परिणामी श्वासाची निकड भासण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि मूल कोणतीही धडपड न करता पाण्याखाली बेशुद्ध होते. चांगले पोहणारेही असे दगावतात आणि काठावरच्यांना ते खेळत असल्यासारखेच वाटते. ही पैज घरातल्या मोठ्यांनी ठामपणे बंद करावी आणि जीवरक्षक हजर नसताना मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

व्रतनियमांचा विचारही ओघाने येतो. अप्कायाच्या विराधनेमुळे काही घरांत तलावात उतरणे वर्ज्य मानतात. काही कुटुंबे चातुर्मासात, निदान पर्युषणात, पोहणे थांबवतात. हा ज्या त्या घराच्या मर्यादेचा प्रश्न आहे. नवकारशी करणाऱ्याने मात्र सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे उलटल्यावरची तुकडी निवडावी, कारण नवशिक्याच्या तोंडात पाणी जाण्याचा संभव असतो. चौविहार करणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी जेवून लगेच तलावावर जाऊ नये. भरल्या पोटी श्वासपटलाला पुरती जागा मिळत नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

यंदा तुकडीत नाव घातलेल्यांनी पहिला आठवडा अंतराचा हिशेब ठेवू नये. कडेला उभे राहून बुडबुडे सोडण्यात कमीपणा नाही. साठवलेले सोडता आले की नव्याला जागा होते, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. तलावात तिचा प्रत्यय एका लांबीतच येतो.