प्लायची कड उघडी ठेवू नका

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ही कामे बॉडी बांधणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंकडेही येतील. म्हणून अमेरिकेतली एक खोड आधीच ओळखून ठेवावी. तिथल्या कॅम्परची बाजू बाहेर सरकवून खोली मोठी करतात. या सरकत्या भागाची जमीन बहुधा प्लायची, नाहीतर लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या फळीची असते आणि ती कडेपासून कुजते. रबरी पट्टी झिजली की पाणी खालच्या कापलेल्या कडेत शिरते, फळी फुगते. मालकाला कळते ते पाय खचल्यावर!

आपले मिस्त्री म्हणतात, आय.एस. 710 चा मरीन प्लाय घातला, आता काळजी नाही. पण शिक्का असला म्हणून कापलेली कड पाणी प्यायची थांबत नाही. कडेला आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, तेही प्लाय पूर्ण सुकल्यावर. नाहीतर ओल आतच कोंडते. कडेखाली पाणी गळून पडेल असा ॲल्युमिनियमचा कोन हवा. कोकणातल्या पावसात तर हवाच.

हे काम दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुरते आणि मिस्त्री ते गाळतो. पुढे दुरुस्ती मात्र त्याच्याच गळ्यात पडते. अंदाजपत्रकात याची वेगळी ओळ लिहा. गिऱ्हाईक नको म्हणाले, तर त्याच ओळीसमोर त्याची सही घ्या.