ताबा तात्पुरता, पण...

अजिंठ्याला जायचं तर फर्दापूरच्या टी-पॉइंटवर आपली गाडी सोडायची आणि पुढे लेण्यांपर्यंत बसने जायचं. गेल्या महिन्यात त्याच बसच्या रांगेत माझ्या मैत्रिणीने विषय काढला. तिचं माहेर फर्दापूरचं. नवऱ्याशी बिनसल्यावर तीन वर्षांच्या लेकीला घेऊन ती पुण्याहून इथे आलीये.

"अगं, तो पार्ट्यांमध्ये गांजा ओढतो असं अर्जात टाकू का? मग पिलू माझ्याकडेच राहील ना?"

म्हटलं, थांब जरा.

घटस्फोटाची केस वर्षानुवर्षं चालू शकते. तोपर्यंत मूल कुणाकडे राहणार, हे अंतरिम ताब्याच्या आदेशाने ठरतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो मागता येतो. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचाही रस्ता आहे, पण तिथे मूल नेहमी जिथे राहतं तिथलंच कोर्ट लागतं. चार दिवस माहेरी आणलं म्हणून पिलूचा पत्ता फर्दापूर होत नाही! आणि बॉस, हा आदेश म्हणजे नवरा चांगला की बायको, याचा निकाल नव्हे. कोर्ट बघतं ते मुलाचं हित.

गोव्यातली एक केस बघा. मूल दोन वर्षांचंही नव्हतं. वडिलांवर व्यसनाचे आरोप, आईवर उलट आरोप. म्हापशाच्या कोर्टाने मूल आईकडे दिलं, हायकोर्टाने ते फिरवलं आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा आईकडे सोपवलं. पण मुद्दा व्यसनाचा ठरला नाही. १९५६ च्या कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं, आणि ती अपात्र आहे हे दाखवायची जबाबदारी वडिलांची, असं कोर्टाने सांगितलं. वडिलांना भेटीच्या वेळा मिळाल्याच.

"मग त्याची टेस्ट करायला लावू?"

तेही इतकं सोपं नाही. वैवाहिक खटल्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये म्हटलं. पण मागणाऱ्याच्या हातात तसंच भक्कम काही हवं. आदेशानंतरही समोरच्याने नकार दिला, तर कोर्ट त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावू शकतं. नुसत्या ऐकीव गोष्टी टाकल्या आणि त्या टिकल्या नाहीत, तर उद्या तुझ्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "दिवाळीत ओढून गाडी चालवली होती त्याने. पिलू मागच्या सीटवर होती."

"मग ते लिही. तारीख, वेळ, गाडीत कोण कोण होतं, सगळं. पार्ट्यांचं राहू दे. आणि भेट बंद करा असं मागू नकोस. भेट आजी-आजोबांसमोर व्हावी, त्याने तिला गाडीतून नेऊ नये, असं माग."

बस आली. खिडकीची सीट पकडून पिलूने विचारलं, "बाबा पण येणार ना लेणी बघायला?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. "आज नाही गं," ती म्हणाली, "पण येतील."