ताबा कोणाचा, हित कोणाचे?

आईजवळ असलेले मूल बापाने परस्पर उचलून नेले, तर ते अपहरण ठरते काय? ठाणे ग्रामीण पोलीस दलात नव्याने दाखल होणाऱ्या शिपायाला शहापूर, किन्हवली, मुरबाड वा टोकावडे ठाण्यात या प्रश्नाला आज ना उद्या सामोरे जावे लागणारच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १३७ लागू आहे. जुन्या दंडविधानात मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १८ वर्षे अशी वेगवेगळी मर्यादा होती; आता दोघांसाठीही ती १८ आहे. कायदेशीर पालकाच्या संमतीविना मूल नेल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मात्र पिता स्वतःच नैसर्गिक पालक असल्याने, न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणून अशा तक्रारीत ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश आहे काय, हे आधी पाहावे लागते.

पालक म्हणजे केवळ आईबापच नव्हेत. ज्याच्याकडे मूल रीतसर सांभाळायला सोपवले आहे, तोही कायद्याने पालक ठरतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा गावी राहिलेली आजी किंवा आश्रमशाळेचा अधीक्षक यांची तक्रार ‘तुम्ही कोण?’ म्हणून परतवता येणार नाही.

खरी मेख पुढेच आहे. हे कलम पालकाच्या संमतीभोवती फिरते. पण उचल घेऊन बापानेच मूल कामाला धाडले असेल तर? कसारा घाटापलीकडे, इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले मेंढपाळांकडे राबवली जात असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. अशा वेळी ‘आईबाप राजी होते’ एवढ्यावर तपास थांबता कामा नये. शोषणासाठी पालकाला पैसे देऊन मूल मिळवणे ही कलम १४३ नुसार मानवी तस्करी आहे. मूल अठराखालचे असल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. शिवाय १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा आहेच.

अपहरणाचे कलम प्रामुख्याने पालकाचा हक्क राखते. मुलाचा हक्क राखायला अन्य कायद्यांकडे वळावे लागते. कोणत्या प्रसंगी कोणता कायदा, हे तक्रार लिहून घेणाऱ्या शिपायालाच उमगले नाही, तर ताब्याच्या भांडणात बाप कोठडीत जाईल आणि मूल विकत घेणारा मोकळा राहील.