‘निसर्गाची देणगी’ नावाची पळवाट

हिवाळा आला की भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, ललितलेखांचे पीक येते. ‘सैबेरियाचे पाहुणे’ आणि ‘निसर्गाची देणगी’ हे दोन शब्दप्रयोग त्यांत हटकून असतात. दोन्ही चुकीचे आहेत, आणि मराठीच्या अध्यापकांनी तरी ते खपवून घेऊ नयेत.

पहिली चूक अज्ञानाची. आपल्याकडे येणाऱ्या रोहितांची वीण प्रामुख्याने कच्छच्या रणात होते. हिमालय ओलांडून येतो तो पट्टकादंब, मंगोलिया-तिबेटकडचा.

दुसरी चूक मात्र सोयीची आहे. नरसिंहपूरच्या घाटावरून नीरा-भीमेचा संगम दिसतो. तिथे भीमेला पाणी किती, हे पुष्कळसे वरच्या अंगाचे उजनी धरण ठरवते. १९८० साली ते पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यात गावे बुडाली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही वर येते. हाच फुगवटा म्हणजे आपले पक्षीतीर्थ. पाणी उतरते, उथळ चिखल उघडा पडतो, त्यातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव रोहित चोचीने गाळून खातात. त्याच उघड्या जमिनीवर गाळपेर होते. पाणी केव्हा व किती उतरावे, हे ऊस, सोलापूरची तहान आणि पाटबंधारे खाते ठरवते. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून इथेच येऊन साचते.

यात निसर्गाची देणगी कोणती? विस्थापितांनी जमीन दिली, शहराने मैला दिला. ‘देणगी’ म्हटले की देणाऱ्याचे नाव पुसले जाते आणि घेणाऱ्याची जबाबदारीही.

ललितलेखन म्हणजे अहवाल नव्हे, असा बचाव होईल. मान्य. परंतु सौंदर्यासाठी अज्ञान आवश्यक असते, हा कुठला साहित्यसिद्धान्त? बुडालेल्या गावावर उतरलेला गुलाबी थवा हे निव्वळ गुलाबी थव्याहून अधिक खोल चित्र आहे.

पाणथळ मानवनिर्मित आहे, हे मान्य केल्याने तिचे मोल घटत नाही. नांदूर-मधमेश्वरही बंधाऱ्यामुळेच घडले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. जे माणसाने घडवले, ते राखण्याचे दायित्वही माणसाचेच. पाहुण्याला निरोप देऊन दार लावून घेता येते. उजनीच्या बाबतीत ती सोय आपल्याला नाही.