बोट पुराच्या दिवशी बिघडत नाही

गोदावरी आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहते. अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतल्या काठच्या गावांचे डोळे पावसाळ्यात पैठणकडे लागलेले असतात. जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला की शहागडपासून खाली पाणी चढत जाते. ऑगस्ट 2006 आणि सप्टेंबर 2025 चे पूर लोक अजून विसरलेले नाहीत. अशा वेळी रबरी बोट येते. तिच्या मागच्या मोटारीला बचाव पथकातले लोक ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. दोरी ओढली आणि ही मोटार सुरूच झाली नाही तर काय?

घाबरलेला माणूस दोरी ओढतच राहतो. पेट्रोल जास्त होते, प्लग भिजतो आणि सुरू होण्याची उरलीसुरली शक्यताही जाते. जाणकार माणूस आधी हात थांबवतो आणि क्रमाने पाहतो. उर्दूत याला तरतीब म्हणतात.

सगळ्यात आधी लाल सेफ्टी क्लिप. चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावे म्हणून ती असते. ती जागेवर नसेल तर ठिणगीच पडत नाही. मग गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल तर पेट्रोल पुढे सरकत नाही. नळी दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का? नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला का? इंजिन थंड असेल तर चोक द्यावा, गरम असेल तर देऊ नये. एवढे करूनही चालू झाले नाही तर प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पुसून, वाळवून, चोक न देता पुन्हा प्रयत्न करावा.

यातल्या अर्ध्या गोष्टी दोन मिनिटांत सुटतात. उरलेल्यांचे मूळ पुराच्या दिवसात नसते, त्याआधीच्या महिन्यांत असते. गोदामात पडून राहिलेले पेट्रोल शिळे होते, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात चिकटा धरतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. जास्त झालेले पाणी टाकीच्या तळाशी बसते. बोट कागदावर ‘उपलब्ध’ असते, पाण्यावर नसते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. बोटींची फक्त मोजणी नको, त्या चालवून पाहा. महिन्यातून एकदा मोटारीचा खालचा भाग पाण्याच्या टाकीत बुडवून ती दहा-पंधरा मिनिटे चालवावी. कोरडी चालवली तर आतला रबरी पंखा जळतो. थंडावा देणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का, ते पाहावे. तारीख वहीत लिहावी. आणि मे महिन्यात नदीकाठी, गावकऱ्यांसमोर एकदा चाचणी व्हावी.

दुसरे म्हणणे आपल्या समाजाला आहे. प्लग, कार्बोरेटर, चोक या गोष्टी गावोगावच्या गॅरेजमधली मुले रोज हाताळतात. त्यांत आपल्या मोहल्ल्यातली मुले पुष्कळ आहेत. आपण मात्र म्हणतो, ‘शिकला नाही, म्हणून गॅरेजला गेला.’ मी शिक्षक आहे. हे वाक्य पालकांच्या तोंडून किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. लक्षणावरून कारण शोधणे, एका वेळी एकच गोष्ट तपासणे, हे शिक्षण नाही तर काय आहे?

आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना पूरबचावाचे प्रशिक्षण मिळते. काठच्या तालुक्यांतल्या या मिस्त्रींना त्यात आवर्जून घ्यावे, मोटारींची देखभाल त्यांच्याकडे द्यावी आणि तिचे रीतसर पैसे द्यावेत. पूर आल्यावर छतावर अडकलेला माणूस दोरी ओढणाऱ्याचे आडनाव विचारत नाही. त्याला फक्त इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो.