अधिस्वीकृती : कागदापलीकडचा प्रश्न

बारावीनंतर कृषी पदवीसाठी महाविद्यालय निवडताना पालक शुल्क, वसतिगृह आणि घरापासूनचे अंतर यांची चौकशी करतात. महाविद्यालय अधिस्वीकृत आहे का, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. त्याची किंमत मात्र विद्यार्थ्याला मोजावी लागते.

संलग्नता आणि अधिस्वीकृती या भिन्न बाबी आहेत. संलग्नता विद्यापीठ देते. तिच्यामुळे परीक्षा होते व पदवी मिळते. अधिस्वीकृतीसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९९६ मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापन केले. या प्रक्रियेत तज्ज्ञांची समिती महाविद्यालयास भेट देऊन अध्यापक, प्रयोगशाळा, प्रक्षेत्र व ग्रंथालय यांची पाहणी करते. मान्यता ठरावीक मुदतीची असते.

या पाहणीचा अर्थ कीटकशास्त्राच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. अमेरिकन लष्करी अळीची भारतात पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर झाली. डोक्यावरील उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण आणि शरीराच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात असलेले चार काळे ठिपके यांवरून ती ओळखता येते. या खुणा पुस्तकात वाचून पाठ होतात. परंतु अळी हातात घेऊन भिंगाखाली पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही. ज्या महाविद्यालयात कीटकसंग्रह नाही आणि प्रक्षेत्र केवळ कागदावर आहे, तेथील पदवीधर उद्या शेतकऱ्याला कोणता सल्ला देणार? चुकीच्या निदानातून चुकीची फवारणी होते आणि तिचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो.

विद्यार्थ्याचे नुकसान याहून थेट आहे. परिषदेच्या प्रवेश परीक्षेद्वारे अन्य राज्यांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्याला अधिस्वीकृतीची अट आडवी येऊ शकते. चार वर्षे खर्ची पडल्यावर हे कळणे अन्यायाचे आहे.

अधिस्वीकृती म्हणजे उत्तम अध्यापनाची हमी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि किमान पात्रतेची बाह्य तपासणीच नसेल, तर विद्यार्थ्याच्या हाती जाहिरातीखेरीज काय उरते? राज्यघटनेनुसार कृषी शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने आपली अधिस्वीकृती, तिची मुदत आणि ती नसल्यास तसा स्पष्ट उल्लेख प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावा, असे बंधन राज्यांनी घालावे. तोवर विद्यार्थ्यांनी व पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी ते प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील मुदतीची तारीख वाचावी.