'मंजूर, मंजूर' म्हणणाऱ्यांनो...

सप्टेंबरात आमच्या गावच्या दूध संस्थेची वार्षिक सभा भरली. भरली म्हणायचे ते रीत म्हणून. सभासद सव्वातीनशे, हजर पन्नास-पंचावन्न, त्यांतले निम्मे चहा-चिवड्यावर डोळा ठेवून आलेले. सेक्रेटरींनी विषयपत्रिका कन्नडमध्ये वाचली, चेअरमननी "नेहमीचंच आहे" असे तिचे मराठी भाषांतर केले, मागच्या बाकावरून कुणीतरी 'मंजूर' म्हणाले, पुढच्यांनी 'मंजूर, मंजूर' करून साथ दिली. ताळेबंद मंजूर, लेखापरीक्षण अहवाल मंजूर, नफावाटणी मंजूर. हातातला चहा निवण्याआधी आभार झाले. लपवून काय करू, त्या कोरसमध्ये माझाही आवाज होता.

परतताना पाराजवळ मात्र सगळ्यांना वाचा फुटली. एकाची फॅट सहावरून पाच-चारावर का आली, दुसऱ्याची डिग्री पावसाळ्यातच का कमी लागते, नमुन्याचे दूध जाते कुठे, पेंडीच्या पोत्यामागे संस्थेला किती सुटतात. एकेक प्रश्न लाखमोलाचा होता. पण पाराला इतिवृत्त नसते. तिथे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे कुणावर बंधनकारक नाही.

सीमाभागातला मराठी माणूस सभेला घाबरणारा नाही. मोर्चा म्हटला की आपण पुढे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत हजारो शेतकरी शरद जोशींबरोबर हमरस्त्यावर बसले, दिवसामागून दिवस बसले, आणि गोळीबारात १२ शेतकरी गेले. ज्यांच्या घरी तंबाखू होती आणि गोठ्यात म्हैसही, अशी माणसे त्या गर्दीत कितीतरी होती. तंबाखूच्या भावासाठी छातीवर गोळी घेणाऱ्या मुलखाला दुधाच्या हिशेबासाठी वर्षातून दोन तास बाकावर बसवत नाही, याला काय म्हणावे? रस्त्यावरचे धाडस आपल्याला जमते. कागदावरचे जमत नाही, कारण त्याला टाळ्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, खरी सत्ता वर संघात आहे, गावच्या संस्थेत आहे काय? हाच तर घोटाळा. आपल्या भागात दूध दोन दिशांनी जाते. काही गावांचे नंदिनीकडे, म्हणजे बेळगावच्या जिल्हा दूध संघाकडे, काहींचे कोल्हापूरकडच्या संघांकडे. गोकुळ की नंदिनी यावर आपण सोयरिकीच्या बैठकीतही भांडतो. पण रचना दोन्हीकडे सारखीच. संघाच्या संचालकाला तुमचे-माझे मत थेट जात नाही. गावची संस्था प्रतिनिधी ठरवते, त्याच्या नावाचा ठराव होतो, आणि तो ठरावधारक जाऊन मत देतो. सव्वातीनशे घरांचे मत एका माणसाच्या खिशात. तो ठराव ज्या बैठकीत होतो तिथे आपण नसतो. मग निवडणुकीच्या हंगामात ठरावधारक सहलीला गेल्याच्या बातम्या वाचून आपण हसतो. हसण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? त्याला गाडीत बसवले ते आपल्या गैरहजेरीने.

सभासद जागा झाला की काय होते, तेही आपण शेजारीच पाहिले आहे. २०१८ साली गोकुळ बहुराज्य करण्याचा प्रस्ताव आला, सभासदांत वादळ उठले आणि तो मागे घ्यावा लागला. प्रस्ताव बरा की वाईट हा वाद बाजूला ठेवू. सीमेवरच्या उत्पादकाला त्यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. मुद्दा एवढाच, की विचारणारे उठले तेव्हा वरच्यांना थांबावे लागले.

दुसरी सबब भाषेची. "नोटीस कन्नडमध्ये, आम्हाला काय कळणार?" सबब अर्धी खरी आहे, म्हणूनच घातक आहे. ज्या गावात दूध घालणारी निम्मी घरे मराठी, तिथे अहवाल मराठीतही मिळाला पाहिजे, आणि तशी मागणी सभेत लेखी करता येते. पण ती करायला सभेत जावे लागते! आणि आकडे का कन्नड असतात? माझ्या शेजारच्या कन्नड भाषिक गौडांना नोटीस अक्षर न् अक्षर वाचता येते, तेही 'मंजूर'च म्हणतात. म्हणजे अडचण लिपीची नाही. त्यांच्या म्हशीची फॅट आणि माझ्या म्हशीची फॅट एकाच यंत्रावर मोजली जाते. या एका बाबतीत तरी आमचे दुखणे एक आहे. त्यांनी वाचावे, मी विचारावे, अशी जोडी जमली तर सेक्रेटरींना चहा लवकर आणवता येणार नाही.

सहकाराला सीमा नवी नाही. १९०४ चा कायदा झाल्यावर देशातली पहिली सहकारी पतसंस्था १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला उभी राहिली. ते गाव तेव्हा आपल्या बेळगावसारखेच मुंबई इलाख्यात होते. १९४६ मध्ये पोल्सनच्या मक्तेदारीविरुद्ध ज्यांनी दूध रोखले ते खेड्याचे शेतकरीही त्याच मुंबई प्रांताचे. त्रिभुवनदास पटेल त्यांच्यात गावोगाव फिरले, कुरियन नंतर आले, आणि पुढे त्यातून अमूल झाले. १९७६ चा 'मंथन' चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. दोन रुपयांचा तो मालक होता, हे त्याला ठाऊक होते. आपला शेअर किती रुपयांचा आहे, हे आपल्यापैकी कितीजण सांगतील?

कायद्याचेही ऐका. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर कर्नाटकच्या सहकार कायद्यात असे आले, की जो सभासद वार्षिक सभांना सतत गैरहजर राहतो, संस्थेशी किमान व्यवहार करत नाही, त्याला मतदानाला मुकावे लागते. कागदावर ही आळशाला शिक्षा आहे. व्यवहारात तिचा फायदा कुणाला, ते ओळखा. जे नेहमी हजर असतात त्यांना. हजेरीचे पुस्तक ज्यांच्या कपाटात असते त्यांना. तेव्हा सभेला जा आणि सही करूनच बाहेर पडा.

हे सगळे लोकांना सुनावण्याच्या तयारीने मी आमच्या घरचे पासबुक काढले, आणि तोंडात मारल्यासारखे झाले. शेअर वडिलांच्या नावावर. वडिलांना जाऊन नऊ वर्षे झाली. म्हणजे सप्टेंबरात मी जे 'मंजूर' म्हणालो त्याला कवडीचीही किंमत नव्हती. मी सभासदच नाही!

पहाटे साडेचारला उठून धार काढते ती आई. वैरण तिची, शेण तिचे, लम्पीच्या साथीत २०२२ साली गाईच्या अंगावरच्या गाठी शेकत रात्री काढल्या त्याही तिने. कर्नाटक सरकारचे प्रोत्साहन, २०१६ पासूनचे लिटरला पाच रुपये, ते कधी वेळेवर तर कधी थकून, तिच्याच बँक खात्यात येते. सरकारच्या लेखी ती दूध उत्पादक आहे. संस्थेच्या लेखी ती कुणी नाही, आणि मेलेला माणूस सभासद आहे. गावात विचारपूस केली तर अशी तेवीस घरे निघाली. तिघांचे सभासद पुण्या-मुंबईला, बाकीचे देवाघरी. धार काढणाऱ्या मात्र सगळ्या बायका. खासगी डेअरीवाला दारात येऊन उन्हाळ्यात दोन रुपये जास्त देतो आणि पुष्टकाळ आला की हात आखडतो, हे आपल्याला कळते. पण जी संस्था नावाने आपली आहे तिच्यात आपल्याच घरातल्या राबणारीचे नाव नाही, हे नऊ वर्षे माझ्या लक्षात आले नाही. दिवाळीचा फरक आला की मोजून घेतला, एवढेच.

आठ दिवसांपूर्वी आईच्या नावे शेअर वर्ग करण्याचा अर्ज घेऊन आम्ही दोघे संस्थेत गेलो. मृत्यूचा दाखला, वारसाचे संमतिपत्र, सगळे जोडले होते. पोच मागितली तेव्हा सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, इतकी घाई कशाला? निवडणूक अजून लांब आहे."

मी उत्तर शोधत होतो. आईने पदर सावरला, टेबलावर मांडलेल्या नमुन्याच्या बाटल्यांकडे पाहिले आणि विचारले, "मला एवढंच सांगा, हे दोन वेळचं दूध मग कुठं लिवता?"

सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या सभेत सांगतो. तिने माझ्याकडे वळून तारीख विचारली.